साक्षी पाडायची राहिली

सुमतीबाईंचा वॉकर हॉलमधून स्वयंपाकघराकडे निघाला की त्याचे रबरी पाय फरशीवर टप्प टप्प वाजत. बंडोपंत मांडीवरचं पुस्तक उघडंच ठेवून त्या आवाजाला कान लावून बसत. पान उलटायचं राहून जाई. होळीच्या सुमारास न्हाणीघरात पाय घसरून सुमतीबाईंच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. सेवाग्रामला ऑपरेशन झालं. घरी सोडताना एका तरुण डॉक्टरीणबाईंनी बंडोपंतांना बाजूला घेतलं आणि हळूच सांगितलं, "आजोबा, सपाट जागेवर रोज चालवा. पण पडू देऊ नका. पुन्हा पडल्या तर उठणं अवघड आहे."

तेव्हापासून बंडोपंतांना आयुष्यात एवढंच एक काम उरलं होतं. सुमतीला पडू द्यायचं नाही.

घर वर्ध्याजवळ, सिंदी मेघेच्या पुढे, गावाबाहेरच्या एका लेआउटमध्ये होतं. पूर्वी तिथे वीटभट्ट्या होत्या. वर्ध्यातली कितीतरी घरं तिथल्या मातीने बांधली गेली. शहर जसजसं वर आलं तसतशी ही जमीन खाली गेली. मग भट्ट्या बंद पडल्या. खड्ड्यांत पाणी साचलं, म्हशी डुंबायला लागल्या, काठावर बेशरमीची झुडपं माजली. पुढे टिप्परने राख आणून ओतली, पाडलेल्या घरांचा मलबा ओतला, गावचा कचरा ओतला, वरून मुरूम पसरला आणि प्लॉटचे दगड रोवले. एक खड्डा तेवढा लेआउटच्या टोकाला राहिला होता. त्याच्या हिरव्या पाण्याजवळ 'उद्यानासाठी राखीव' अशी पाटी होती, आणि पाटीवर बगळा बसलेला असे.

प्लॉट घेताना मेहुण्याने, बापूरावाने, सगळ्यांसमोर विचारलं होतं, "पंत, भट्टीच्या खड्ड्यावर घर? अहो, पुस्तकं वाचून माणूस एवढा भोळा होतो का?" बंडोपंतांनी उत्तर दिलं नव्हतं. त्यांना समोरासमोर उत्तर देताच येत नसे. ते दोन दिवसांनी, अंघोळ करताना सुचे. पण घेतला प्लॉट. आयुष्यात कोणालाही न विचारता केलेली ती एकच गोष्ट. त्यांची नोकरीच मातीकामाची मोजणी करण्यात गेली होती. कालवे, तलाव, रोजगार हमीची कामं; जिथे माती खणली जाई तिथे टेप घेऊन बंडोपंत. खांब खाली पक्क्या थरापर्यंत नेले की घर हलत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. आणि घर खरोखरच हललं नाही. चार वर्षांत भिंतीला केसाएवढी चीर नाही.

म्हणूनच, दसऱ्यानंतर एका सकाळी हॉलच्या मधोमध वॉकर किंचित कलला आणि सुमतीबाई "अगं बाई" म्हणून थबकल्या, तेव्हा बंडोपंतांना आधी स्वतःच्या डोळ्यांचा संशय आला.

"काय झालं?"

"काही नाही. इथे जरा उंच लागतं."

"उंच कसं लागेल?"

"ते मला काय विचारता? जन्मभर लोकांचे खड्डे मोजलेत, आता घरातली टेकडी मोजा."

बंडोपंतांनी गोटी आणून सोडली. गोटी हॉलच्या मध्यावरून घरंगळत सोफ्याखाली गेली. दुसऱ्यांदा सोडली, ती दाराकडे गेली. तिसऱ्यांदा सोडायची त्यांना हिंमत झाली नाही. त्यांनी त्या जागेवर तिपाई ठेवली आणि सुमतीबाईंना भिंतीच्या कडेने चालायला सांगितलं. दोन-तीन दिवसांत तिपाईही डुगडुगायला लागली.

शेवटी लखन गवंड्याला बोलावलं. लखनने चप्पल बाहेर काढली, उकिडवा बसला आणि फरशीवर बोटांनी टकटक केलं.

"काकाजी, भर बसली तं टाइल खाली जाते. हे तं वर येऊन राह्यली."

"बाकीची खाली गेली असेल. ही जागच्या जागी राहिली, म्हणून वर वाटते."

"हां, तसं बी असन." लखन हसला. "तुम्ही सायेब लोक. तोडू?"

"तोड."

फरशी निघाली, खालचं काँक्रीट निघालं, मग करडी राख लागली. राखेत प्लास्टिकच्या पिशव्या, विटांचे तुकडे, रबरी चपलेचा एक पट्टा. आणि या सगळ्याच्या मधोमध, हातभर लांब, हातभर रुंद, एक मातीचा चौकोन. ती राख नव्हती, भर नव्हती. ती मूळची, कधीच न हललेली, पिवळसर घट्ट माती होती. बाजूने लखनने थोडी राख उकरली, तेव्हा तो चौकोन खाली खाली जाताना दिसला. खांब होता तो. त्याच्या अंगावर कुदळीचे तिरपे घाव ओळीने उमटलेले होते, काल कोणी मारावेत तसे.

खांबाच्या डोक्यावर हरळी होती. हिरवी.

"काकाजी, हे तं साक्षी हाय."

"हो," बंडोपंत म्हणाले.

मातीकामावर आयुष्य घालवलेल्या माणसाला ते सांगावं लागत नव्हतं. खड्डा खणताना मधे एक खांब न खणता ठेवतात. त्याच्या माथ्यावर मूळ जमिनीचं गवत तसंच असतं. जमीन कुठे होती आणि माणसं किती खोल गेली, याचा पुरावा तो खांब. म्हणून ती साक्षी. मोजणारा येतो, साक्षीला टेप लावतो, आकडा मोठ्याने पुकारतो. खड्ड्यातली माणसं 'कबूल' म्हणतात. मग लगेच, सगळ्यांच्या देखत, साक्षी पाडायची. मोजल्याशिवाय ती पाडायची नाही, आणि मोजून झाल्यावर उभी ठेवायची नाही. मोजूनही साक्षी ठेवली, तर त्याचा अर्थ खड्ड्यातल्या माणसांना पक्का माहीत असे. काम संपलं नाही; आणखी खाली जायचं आहे.

"पन हे गवत?" लखनने बोटाने पातं हलवलं. "चार वर्सं टाइलखाली होतं. पिवळं तरी पडा लागत होतं नं."

"फटीतून हवा लागली असेल," बंडोपंत म्हणाले. स्वतःचं बोलणं त्यांना पटलं नाही. पात्यांवर दव होतं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. दव होतंच.

लखनने कुदळ उचलली.

"थांब," बंडोपंत म्हणाले. "मोजल्याशिवाय नाही."

हे त्यांच्या तोंडून आपोआप निघालं. जन्मभर त्यांनी हजारो लोकांना हेच बजावलं होतं. लखन पोट धरून हसला. "काकाजी, आता कोनाची मापणी? मजूर तं गेले आपापल्या गावाले."

"असू दे. सवय आहे."

लखनने बाहेरून सळई आणली आणि खांबाला लावून राखेत उभी दाबली. सळई सरसर उतरली. पुरली नाही, तेव्हा तिला दुसरी बांधली. बऱ्याच वेळाने तळ लागला, टणक, ठक्क असा. बंडोपंतांनी अंगठ्याने खूण धरली, सळई वर ओढली, टेप लावला आणि पुकारलं, "नऊ फूट चार इंच!"

निवृत्त झाल्यापासून त्यांचा आवाज इतका चढला नव्हता. त्यांनाच दचकल्यासारखं झालं. पण जीभ थांबली नाही. तिने पुढचा शब्दही उच्चारला. "कबूल?"

"कबूल," कोणीतरी म्हणालं.

लखन सळईवर वाकून अजून हसतच होता. लखनच बोलला असेल, असं बंडोपंतांनी धरलं. आवाज बाईचा होता की काय, आणि तोही सुमतीचा नव्हे, हा विचार त्यांनी मनात पुरता येऊ दिला नाही.

लखनने पुन्हा कुदळ उचलली. तेवढ्यात वॉकर टपटपत सुमतीबाई आल्या.

"अगं बाई, हरळी!" त्यांनी वॉकर खांबाच्या कडेला टेकवला, पायातल्या सपाता काढल्या आणि कोणी काही म्हणायच्या आत पाऊल त्या गवतावर ठेवलं. मग दुसरं. ऑपरेशन झाल्यापासून त्यांचे पाय फरशी सोडून कशालाच लागले नव्हते. त्यांनी डोळे मिटले. वॉकरवरचा एक हात सुटला. बंडोपंत झेपावले, पण सुमतीबाईंनी मान हलवून त्यांना थांबवलं आणि दुसराही हात सोडला.

त्या उभ्या होत्या. कशालाही न धरता.

"अहो," त्या म्हणाल्या, "दुखत नाही."

लखनने कुदळ हळूच भिंतीला टेकवली. जे फिजिओथेरपीच्या बाईला सहा महिने जमलं नव्हतं, ते इथे एका क्षणात झालं होतं.

"राहू द्या ना एवढी दिवाळी," सुमतीबाई म्हणाल्या. "मग पाडा."

लखनने भोवतीची राख पुन्हा भरून चोपली, वर प्लायवूडचे तुकडे बसवले आणि मधला चौकोन उघडा ठेवला. "भाऊबीज झाली का येतो काकाजी. कुदळ राहू द्या इथंच."

बंडोपंतांनी मान डोलावली. मोजणी झाली होती. साक्षी उभी होती. हे त्यांच्या लक्षात आलं नाही असं नाही. पण ते हसले स्वतःशी. सरकारी कामाचा नियम घरात लावणारा माणूस जरा चक्रमच म्हणायचा.

दिवाळी चांगली गेली. सुमतीबाई रोज सकाळी साक्षीवर उभ्या राहात. आधी थोडा वेळ, मग चहा होईपर्यंत, मग पोथीचा अध्याय संपेपर्यंत. वॉकर कोपऱ्यात गेला. वेदश्री, त्यांची मुलगी, पुण्याहून व्हिडिओ कॉल करी. आईला उभी बघून तिला रडू आलं.

"बाबा, मी तर तुम्हा दोघांना इकडे घेऊन यायचं ठरवत होते. आता बघू. पण फोन जरा वर धरा ना. खालून दिसतेय आई."

"वरच धरलाय."

"नाही हो, खूप खालून दिसतंय. खाली बसलायत का तुम्ही?"

बंडोपंत उभे होते. त्यांनी हात आणखी ताणून फोन वर केला.

भाऊबीज झाली. लखनचा फोन आला की जाम गावी हायवेवर ढाब्याचं काम लागलंय, ते झालं की येतो. आणि त्याच आठवड्यात दुपारी आवाज यायला लागला.

दुपारचं जेवण झालं की लेआउटमध्ये चिटपाखरू नसतं. ऊन रस्त्यावर पडून असतं, एखादा भंगारवाला हाळी देऊन जातो, मग काही नाही. त्या शांततेत धप्प असा आवाज येई. मग थांबून दुसरा. मग तिसरा. शेजारी कुठे बांधकाम नव्हतं. कान भिंतीला लावला की ऐकू येत नसे. जमिनीला लावला की येई. धप्प. धप्प. आणि मध्येच माती घमेल्यात पडल्यासारखी खसखस.

पंचफुला भांडी घासत होती. दहा घरची धुणीभांडी करणारी, पन्नाशी ओलांडलेली, बडबडी बाई. हात थांबवून तिने कान दिला.

"दिवाळी झाली नं काकाजी. भट्टे लागले असतीन."

"इथे कुठे भट्टे आता?"

"हो नं." ती पुन्हा भांडं घासायला लागली. "इथं कोठचे."

बंडोपंतांनी तिला विचारलं, मोजणीच्या दिवशी ती स्वयंपाकघरातून कबूल म्हणाली होती का?

"कोणत्या दिवशी? लखन आला तवा? मी आलीच नव्हती. नातवाले ताप होता, फोन नाही का केला काकूले?"

लखनलाही त्यांनी फोनवर विचारलं. तो म्हणाला, "मी काऊन म्हनू काकाजी? मले वाटलं, मावशी बोलली आतून."

सुमतीबाई साक्षीवर उभ्या राहून वाती वळत होत्या. पंचफुला त्यांच्याकडे बघत पदराने हात पुसत म्हणाली, "माही माय इथंच खणाले ये, काकू. मी बारकी होती. विंचू-काट्याचं भेव, म्हनून मले साक्षीवर बसवे. पयल्या दिवशी मी न् माय बरोबरीत. मंग तिचं तोंडच दिसे. मंग तं निस्ती केसातली मांग दिसे तिची. पंधरा-वीस दिवसांनी मी वरून रडो, न् ती खालून भाकर उंच करून दे मले."

"उतरवत नव्हती का मग तुला?" सुमतीबाईंनी हसत विचारलं.

"संध्याकाळी उतरवे. मापणी होईपर्यंत साक्षीले हात कोन लावन?" पंचफुलाही हसली. "मले उतरा वाटे नाई पन. वर वारं लागे."

"अगदी खरं," सुमतीबाई म्हणाल्या. "इथे वारं लागतं."

हॉलमध्ये वारं नव्हतं. पंखा बंद होता. सुमतीबाईंच्या कपाळावरची बट मात्र हलत होती.

त्या दिवशी पंचफुला गेल्यावर बंडोपंतांनी टेप काढला. फरशीपासून छतापर्यंत मोजलं. दहा फूट, घर बांधलं तेव्हाही दहा फूटच होतं. साक्षी फरशीच्या वर किती, तेही मोजलं. चार बोटं, अधिक नाही. स्पिरिट लेव्हल आणून ठेवली, बुडबुडा बरोबर मध्ये. सगळं जिथल्या तिथे होतं. त्यांनी सुटकेचा श्वास टाकला आणि खिडकीतून बाहेर बघितलं.

खिडकीतून पूर्वी रस्ता दिसे, समोरच्या घराची तुळस दिसे. आता विजेची तार दिसत होती आणि आभाळ.

मोतीबिंदू, त्यांनी स्वतःला सांगितलं. किंवा पाठ वाकली. या वयात माणूस खचतोच. त्यांना खरोखरच फार थकवा येत होता. घरातून अंगणात जायचं म्हणजे उंबऱ्यावर पाय टाकताना हाताने चौकट धरावी लागे. दूध आणायला जाऊन आले की दम लागे. दुपारी पुस्तक घेऊन पडले की झोप नव्हे, एक जडसा काळोख अंगावर येई. आणि जागे होत तेव्हा खांदे भरून आलेले असत, जणू दिवसभर ओझं वाहिलं आहे. तळहातांची आग होई. एकदा नखांत त्यांना पिवळी माती दिसली. कुंड्यांची असेल, असं त्यांनी धरलं. मग आठवलं की कुंड्यांना काळी माती आहे.

कोपऱ्यातल्या लखनच्या कुदळीकडे त्यांनी त्या दिवशी बघितलं नाही.

सुमतीबाई मात्र दिवसेंदिवस खुलत होत्या. जेवण साक्षीवरच. दुपारी त्या तिथेच खुर्ची मागत. हातभर जागेवर खुर्ची कशी मावे, हे बंडोपंतांना कळत नसे, पण मावे. "तुम्ही असे दमलेले का दिसता?" त्या विचारत. "जरा वर येऊन उभं राहून बघा. बरं वाटतं."

"जागा कुठे आहे दोघांना?"

"हेही खरंच," त्या म्हणत आणि लांब कुठेतरी बघत. "ते बघा, टोकाच्या खड्ड्यावर बगळे उतरले."

हॉलमधून टोकाचा खड्डा दिसत नव्हता. मध्ये नऊ घरं होती.

आठवड्याभराने पंचफुला पैसे न मागता, भांडी तशीच ठेवून, दारात उभी राहिली. तिचा श्वास लागला होता. कमरेवर हात ठेवून ती आत बघत होती. आत म्हणजे खाली, विहिरीत बघतात तसं.

"काकाजी, मी नाई येत आता. दुसरी बाई पाहून घेजा."

"अगं, काय झालं? काकू काही बोलल्या का?"

"नाई हो. काकू सोन्यासारखी बाई." तिने पदर तोंडाला लावला. "तुमच्या घरचा चढ मले होत नाई आता. गुडघे जातात."

"चढ?"

ती वळली. फाटकापर्यंत जाऊन परत वळली आणि मोठ्याने, लांबच्या माणसाला सांगावं तसं ओरडून म्हणाली, "काकाजी! तिले सांजच्याले उतरवत जा!"

बंडोपंत आत येऊन सोफ्यावर बसले. आपल्याला काय झालंय हे त्यांना कळत होतं आणि कळलेलं खरं मानायचा धीर होत नव्हता. त्यांनी आयुष्यात स्वतःच्या कोणत्याच म्हणण्यावर विश्वास ठेवला नव्हता. टेपवर ठेवला होता. आणि टेप म्हणत होता, सगळं ठीक आहे.

पण नियम टेपपेक्षा जुना होता. मोजणी झाली, साक्षी राहिली. चूक आपली. उपायही तोच. साक्षी पाडायची, म्हणजे काम बंद.

पाडायची, आणि मग सुमती? पुन्हा वॉकर, पुन्हा फरशी, पुन्हा ती निसरडी भीती. कदाचित तीही नाही. साक्षीच्या बाहेर तिने किती दिवसांत पाऊल ठेवलं नव्हतं, ते त्यांना आठवेना. संध्याकाळी ती खाटेवर झोपायला येई, असं त्यांना वाटत आलं होतं. नीट आठवू गेलं तर फक्त तिचा आवाज आठवे, वरून येणारा. "झोपा तुम्ही. मी आहे इथे."

बाहेर ऊन होतं. आत दिवा लावावा असा अंधार. बंडोपंत कोपऱ्यात गेले.

कुदळीचं पातं घासून चकचकीत झालेलं होतं. दांडा ओला होता. हातात घेतल्यावर तो त्यांच्या तळहातांत असा बसला, जणू रोजचाच.

"सुमती," ते म्हणाले, "जरा खाली ये."

"का हो?"

"पाडतो ही. खूप झालं."

"बरं," त्या शांतपणे म्हणाल्या. "हात द्या."

बंडोपंतांनी हात वर केला. सुमतीबाई वाकल्या, पूर्ण वाकल्या. पूर्वीच्या दुखऱ्या खुब्यावर भार देऊन, एवढ्या सहज. त्यांच्या बांगड्या वाजल्या. बंडोपंत चवड्यांवर उभे राहिले. त्यांच्या बोटांना गवताची पाती लागली, थंड.

तिची बोटं लागली नाहीत.

"राहू द्या," सुमतीबाई म्हणाल्या. "पडेन मी."

पडेन. पडू द्यायचं नाही. तेवढं एकच तर काम होतं.

त्यांनी कुदळ उचलली. साक्षीवर घाव घालायचा होता. तिच्या अंगावर ते तिरपे घाव ओळीने दिसत होते, त्यांच्या डोळ्यांसमोर, आणि खाली, आणि त्याही खाली. कुदळ डोक्यावर गेली. क्षणभर तशीच राहिली.

घाव साक्षीशेजारी, जमिनीवर बसला.

धप्प.

तो आवाज ओळखीचा होता. बंडोपंतांनी पाय किंचित फाकवले, कंबर वाकवली आणि दुसरा घाव घातला. मातीचं ढेकूळ सुटलं.

वरून, वाऱ्यातून, सुमतीबाईंचा आवाज आला. कौतुकाचा, थोडा नवलाचा.

"अहो," त्या म्हणाल्या, "तुम्हाला डोक्यावर मधोमध टक्कल पडलंय. पन्नास वर्षांत मला कधी दिसलंच नव्हतं."